फताडी चाकं

माह्या बहिणीले एका माणसानं एक शब्द दिला होता. वचन नव्हे राजेहो, शब्द. शिवीच म्हणा. तो तिनं सात वर्षं जपून ठेवला आन् मंग ज्याचा त्याले वापस केला. गोठ एवढीच आहे, पण एवढ्यात सांगितली तर माहं पोट भरत नाही, म्हणून इस्कटून सांगतो.

आमी अकोल्याचे. मोर्णा नदीपल्याड जुन्या शहरात घर, बाबा शाळेत मास्तर. मी बंडू, धाकटा. मॅट्रिकले दोनदा आपटलो आन् नागपूरच्या एका मोटार वर्कशॉपात पंक्चर काढायले लागलो, तवापासून बाबा माह्यासंग बोलत नोयते. शैलाताई मात्र हुशार. मास्तरकीचं नॉर्मल स्कूल पास झाली, हिशेबाले अशी पक्की की बाजारात भाजीवाला तिच्यासमोर काटा सरळ धरे. रंगानं सावळी, नाकीडोळी नीटस, आन् चालणं तरातरा. ती गल्लीतून निघाली की आई ओरडे, "अवो पोरी, मागं साप लागला काय?"

छप्पन सालच्या माघात तिले पाहायले अमरावतीहून पाहुणे आले. नवरदेव वकील, हेमचंद्र नाव, अंगात रेशमी सदरा आन् केसाले वाटीभर तेल. सोबत त्याची आत्या. मी तवा नागपुरात होतो, पण आईनं ही गोठ मले इतक्या डाव सांगितली, की मी तिथंच उभा होतो असं वाटते.

पोहे झाले, चहा झाला. गाता येते काय, शिवता येते काय, तेही झालं. मंग आत्याबाईनं पदर खोचला आन् म्हणाली, "पोरीचे पाय पाहू द्या." त्यांच्या घरची तशी रीत होती म्हणे. पोरीचे पाय ओले करायचे, तिले फरशीवर चालवायचं आन् ठसा पाहायचा. तळव्याच्या मधात खळगा उमटला तर ती लक्ष्मी. नाही उमटला तर ती सासरचं घर सपाट करते. आत्याबाईनं सोताच्या हातानं तांब्याभर पाणी ताईच्या पायावर ओतलं आन् म्हणाली, "चाल." बाबा काही बोलले नाहीत. मास्तर असून बोलले नाहीत, हे म्या त्याहीले कधी माफ केलं नाही.

ताई चालली. तिच्या तळव्याले खळगा नाही. टाचेपासून बोटापर्यंत पुरं पाऊल उमटलं, चांगलं रुंद. हेमचंद्र खुर्चीतून उठला, वाकून पाहिलं आन् मोठ्यानं हसला. "अहो आत्या, ही तर फताडी आहे! हिचे जोडे दुकानात नाही मिळायचे, नावाड्याकडे विचारा!"

पाहुण्यांची मोटार पाहायले अर्धी गल्ली आमच्या खिडकीशी जमली होती. साऱ्याहीनं ऐकलं.

नाही म्हणायचं तर म्हण ना भाऊ! पोरगी पसंत नाही, विषय कटला. घरी जाऊन एक कार्ड टाक. पण चार लोकांत दात काढायचं काय काम होतं? दुसऱ्या दिवशी गल्लीतले पोट्टे 'फताडी, फताडी' करत ताईच्या मागं नदीपर्यंत गेले. पुढं जे जे स्थळ यायचं, त्याच्या आधी तो शब्द पोचलेला असे. वर्षभरानं बाबांनी पाहणंच बंद केलं.

त्या दिवसापासून ताईचे पाय कोणी पाहिले नाहीत. तिनं पांढरे कॅनव्हासचे जोडे घेतले, मरदाच्या मापाचे, आन् ते चढवले ते चढवले. अकोल्याचा उन्हाळा, फरशीवर भाकर भाजून निघावी, पायाले फोड येत, तरी जोडे उतरत नोयते. पंगतीत बसली की पाय पोटाशी घेऊन पातळात झाके. ते तरातरा चालणंही गेलं. भिंतीच्या कडेकडेनं, हळू, असं चालायले लागली. माह्या बहिणीचं चालणं त्या भडव्यानं नेलं, आन् मले राग त्याचाच जास्त होता. मी घरी आलो की ती एकच बोले, "बंड्या, त्यानं मले चालवलं. एक डाव मी त्याले चालवीन." मले तवा वाटे, बोलून राहिली बिचारी.

मंग तिनं अमरावतीकडं नोकरी धरली. नांदगाव पेठेच्या पुढं सडक सोडून आत बोरटेक म्हणून गाव आहे, तिथल्या शाळेत बाई झाली. अकोल्यात तिले रस्त्यानं जाता येत नोयतं, म्हणून गेली. सडकेपासून गाव मैलभर, मधात पांधण. पांधण म्हणजे दोन वावरांच्या धुऱ्यामधला, बांधामधला, बैलबंड्यांचा रस्ता, सारी काळी माती. ताई रोज त्याच रस्त्यानं जाये. मीही तवरोक अमरावतीले बडनेरा रोडवर सोताचं गॅरेज टाकलं होतं. रइवारी ती माह्याकडं येये, चहा पिये, मले शिकलेल्या माणसावाणी शिव्या देये आन् संध्याकाळच्या मोटारीनं वापस जाये.

त्रेसष्टची दिवाळी जवळ आली होती. एक लांबलचक काळी अमेरिकन गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली. जुनी, पण चकचकीत. उतरला तो हेमचंद्र. म्या त्याले पहिल्यांदाच पाहिलं, पण नाव सांगताच माहे कान तापले. त्यानं मले ओळखायचं कारण नोयतं. वकील मिस्त्र्याचं आडनाव कायले इचारते?

सात वर्षांत त्याचं लगन झालं नोयतं. म्हणजे त्यानंच केलं नोयतं. आत्या मरून गेली, पण तिची रीत यानं सोडली नाही. सारं वऱ्हाड पालथं घातलं. एकीचा दात, एकीचा डोळा, एकीचं कपाळ, घरोघरी नावं ठेवत हिंडला. केस गेले, पोट आलं, पण पोरी पाहणं सुटलं नाही. अमरावतीत लोक त्याले मागं 'पोहेवकील' म्हणत.

"मिस्त्री," तो म्हणे, "मुंबईला एक गाडी पाहिली. जमिनीला चिकटून चालत होती. चाकं बाहेर, टायर रुंद. नुसतं बघत राहावं. तशी करून दे."

काम कठीण नोयतं. स्प्रिंगच्या कमानीचे चार पाटे काढले की गाडी खाली बसते. चाक बाहेर काढायचं तर ब्रेकचा ड्रम आन् चाक यांच्या मधात जाड लोखंडी चकती टाकायची, ती लेथवर कापून आणायची. वरून रुंद टायर. टायर पंख्याले, म्हणजे वरच्या मडगार्डाले, घासला तर त्याची कड ठोकून वर वळवायची. म्या धंद्याच्या धरमानं सांगितलं, "साहेब, कच्च्या रस्त्यानं जाणार असाल तर..."

"मिस्त्री, तू चाकाचं बघ. रस्त्याचं मी बघीन."

"बघा बाप्पा," म्हटलं.

पण माह्या डोक्यात येगळंच शिजून राहिलं होतं. चकती टाकली की जुने बोल्ट आखूड पडतात. नटाले धरायले जेमतेम दोन आटे उरतात. म्हणून लांब बोल्ट टाकावेच लागतात. म्या ठरवलं, जुनेच ठेवायचे. बडनेऱ्याच्या उतारावर चाक जाईल पुढं, आन् वकील जाईल त्याच्यामागं. खोटं कायले बोलू, चकत्या बसवताना मी शीळ वाजवत होतो.

रइवारी ताई आली. "हे कोणाचं धूड?" म्हणे. म्या नाव सांगितलं आन् बोल्टाचं मोठ्या हौसेनं सांगितलं. वाटलं, खूश होईल. तिनं काडकन माह्या कानाखाली दिली.

"मारायचा नाही गधड्या! मेला तर लोक रडतील त्याच्यासाठी. मले त्याले चालवायचा आहे. लांब बोल्ट टाक, माह्यासमोर टाक."

म्या टाकले. गाल चोळत चोळत टाकले. ती टायरच्या थप्पीवर बसून पाहत होती. मंग म्हणाली, "मंगळवारी हा बोरटेकले येऊन राहिला. माह्या कुंदीले पाहायले."

कुंदा म्हणजे बोरटेकच्या वामनराव देशमुखाची एकुलती एक पोरगी. गावातली शाळा संपली तवापासून ताई तिले आपल्या खोलीवर मॅट्रिकचं शिकवत होती. पोरगी तल्लख. अठरावं लागलं होतं, हा चौतिशीचा. पण वामनरावाच्या डोळ्यापुढं वकील जावई नाचत होता. आन् वकिलानं आधीच निरोप धाडला होता, 'मुलीचे पाय ओले करून चालवण्याची आमची रीत आहे, तयारी ठेवावी.'

"कुंदी काल रडून राहिली होती," ताई म्हणे. "मले इचारे, बाई, ठसा चांगला नाही उमटला तर हो? वर्गात पहिली येणारी पोरगी, आन् बसल्या बसल्या आपले तळवे पाहून राहिली."

एवढं बोलून ती उठली, आन् गाडीच्या ह्या चाकापासून त्या चाकापर्यंत विती टाकत गेली. मले म्हणे, "चकत्या अजून उलीशा जाड कर, थोड्याच. तो खूशच होईल."

"काहून?"

"बंड्या, पांधण कशी असते?"

आन् मंग माह्या डोक्यात उजेड पडला. वऱ्हाडातल्या बंड्यांची चाकं साऱ्यांची सारख्याच अंतरावर. बापजाद्यांपासून त्याच जागेवरून जाऊन जाऊन पांधणीत दोन खोल चाकोऱ्या पडतात आन् मधात मातीचा उंचवटा राहते. साधी मोटार त्या चाकोऱ्यांत कशीबशी बसते. नांदगाव पेठेच्या डॉक्टराचा खटारा दर आठवड्याले बोरटेकले जाये. पण ज्या गाडीची चाकं चाकोरीबाहेर आन् पोट जमिनीले टेकलेलं, तिचं काय? एक चाक चाकोरीत पडलं की दुसरं काठावर चढणार, आन् पोट बसणार मधल्या उंचवट्यावर. वरून तिथला चिखल दिवाळी उलटली तरी वाळत नाही. वर पापडी, खाली लोणी.

"पण वामनराव सडकेवर रेंगी पाठवतील ना," म्या म्हटलं. रेंगी म्हणजे आमच्याकडली माणसं बसायची छोटी बैलगाडी.

"पाठवतो म्हणाले होते. यानं सांगितलं, माझी गाडी दारापर्यंत येईल." ताई हसली. सात वर्षांत मी तिले तशी हसताना पहिल्यांदा पाहून राहिलो होतो. "त्याले पोरगी पाहायचीच नाही आहे रे. त्याले गाडी दाखवायची आहे."

मी चकत्या नव्यानं कापून आणल्या. सोमवारी हेमचंद्र गाडी न्यायले आला, चार डाव फिरून फिरून पाहिली, टायरवर हात फिरवला आन् म्हणाला, "वा! काय रुंद दिसते!" म्या म्हटलं, "हो साहेब, फताडी झाली आहे." त्याले काहीच वाटलं नाही. उलट खूश झाला.

मंगळवारी म्या गॅरेजले कुलूप लावलं. असा दिवस सोडतो काय मी! पांधणीच्या धुऱ्यावर एक बाभूळ आहे, तिच्यामागं बसून विडी पेटवली. ताई शाळा सुटल्यावर येऊन वाटेत थांबली होती, हातात छत्री, पायात जोडे.

गाडी आली. हेमचंद्र सोता चालवत होता, कोटात, टायबीय लावून. बाजूले त्याचा दोस्त वसंत, तोही वकील. सडक सोडून गाडी पांधणीत शिरली, दहा-वीस हात गेली, आन् डावं चाक चाकोरीत धप्पकन गेलं. उजवं वर. त्यानं उजवं खाली आणायले स्टेअरिंग वळवलं, तर डावं वर चढलं. मंग त्यानं जोर दिला. तिथं चुकला. पोट उंचवट्यावर बसलं आन् मागची रुंद चाकं जागच्या जागी फिरायले लागली. चिखल असा उडाला, की वसंत वकिलानं काच चढवेपर्यंत त्याचा चश्मा काळा झाला. म्हैस डबक्यात बसते ना, तशी गाडी बसली. मी बाभळीमागं तोंडात रुमाल कोंबून हसलो.

मागून डोमाजीची कापसाची बंडी आली. डोमाजी बोरटेकचा म्हातारा, तोंडाचा फाटका. गाडीभोवती फिरला आन् म्हणाला, "अजी साहेब, हे काहून असं लेकरावाणी पाय फाकवून बसलं?" हेमचंद्र म्हणे, "बैल लावून ओढ." डोमाजी म्हणे, "कापूस उतरवून येतो, मंग ओढतो. घाई काय आहे?" आन् बाजूच्या वावरातून बंडी काढून चालला गेला.

तवा ताई पुढं झाली. "वामनरावांकडं जायचं आहे ना? चला. मी त्या गावची बाई. पण जोडे काढा, नाही तर इथंच राहतील."

त्यानं गाडीच्या दारात बसून बूट काढले, मोजे काढले, पाटलोण घोट्यावर दुमडली आन् चिखलात पाय टाकला. टाकला तो पोटरीपर्यंत गेला. दुसरा टाकला तर तोल गेला आन् हातावर आला. हातातला एक बूट चिखलात गेला, तो आजपर्यंत तिथंच असेल.

आन् मंग राजेहो, ताई खाली वाकली. तिनं कॅनव्हासच्या जोड्यांच्या नाड्या सोडल्या, जोडे काढून धुऱ्यावर ठेवले आन् उघड्या पायांनी चिखलात उभी राहिली. सात वर्षांनी. पांढरे पडले होते पाय, ऊनच नोयतं पाहिलं त्याहीनं. पण ते काही रुतले नाहीत. रुंद पाऊल पापडीवर बसे आन् माती दाबून घट्ट करे.

"माह्या पावलात पाऊल ठेवा," ती म्हणाली. "बाजूले टाकाल तर जाल आत."

आन् तो ठेवत गेला! डोळे खाली, कोट सांभाळत, तिच्या एकेका ठशात आपलं पाऊल टाकत, मैलभर. त्याच्यामागं वसंत वकील. ती पुढं तरातरा. तीच जुनी चाल. मागून हा, "अहो बाई, जरा हळू! थांबा हो!" ती काही थांबे ना. मी धुऱ्याधुऱ्यानं चाललो होतो, सारं ऐकू येत होतं.

अर्ध्यात तो धापा टाकत म्हणाला, "तुमचे पाय बरे हो असल्या चिखलात."

"हो," ताई म्हणे, "फताडे आहेत ना."

तो हसला. मोठ्यानं हसला. त्याले काही आठवलंच नाही! जो शब्द माही बहीण सात वर्षं उशाशी घेऊन झोपली, तो टाकणाऱ्याच्या ध्यानातही नोयता. थुंकून विसरला होता. माह्या हातात दगड आला होता, देवाशपथ. ताईनं मागं न पाहता छत्री आडवी धरली, म्हणजे थांब म्हणून. तिले माहीत होतं मी काय करीन ते.

वामनरावांची ओसरी पांढऱ्या मातीनं ताजी सारवलेली. दारात रांगोळी. पायरीपाशी पाण्याचा तांब्या ठेवलेला, कुंदाच्या पायांसाठी. कुंदा दाराआड उभी होती, रडून डोळे सुजलेले. हेमचंद्र घाईनं वर चढला आन् पांढऱ्या ओसरीवर त्याचे काळे ठसे उमटले, दारापासून गादीपर्यंत. वामनराव "अरारा, काय झालं हे साहेब," म्हणत उठले. त्याहीनं कुंदाले हाक मारायले तोंड उघडलं, तर ताई म्हणाली, "थांबा वामनराव. कुंदा चालायच्या आधी पाहुणे चालले. त्याहीचा ठसा पाहून घ्या. रीत त्याहीचीच आहे."

वामनराव गोंधळले. हेमचंद्रही गोंधळला. साऱ्यांनी वाकून पाहिलं, अंगणातून म्याही. खरं ते सांगतो, पाऊल सुंदर होतं. बोटं नीट, मधात कोरलेला खळगा, लक्ष्मीच्या रांगोळीत काढतात तसं.

ताईनं तो तांब्या उचलला आन् आपल्या पायांवर ओतला. सारा चिखल धुतला. मंग ओल्या पावलांनी त्याच्या ठशांच्या बाजूनं चालली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळू. पुरं पाऊल उमटलं. टाचेपासून बोटापर्यंत.

"अकोला," ती म्हणाली. "जुनं शहर. मास्तराचं घर. तांब्या तुमच्या आत्यानं ओतला होता."

त्यानं ठसा पाहिला. मंग तिच्या तोंडाकडं पाहिलं. त्याचं तोंड उघडलं आन् 'फ' वर येऊन थांबलं.

"म्हणा ना," ताई म्हणाली. "जिभेवर आलंच आहे, तर म्हणा. तवाही चार लोक होते, आताही आहेत."

तो खाली पाहून उभा राहिला, पाटलोण दुमडलेली, हातात एकच बूट.

"नाही म्हणत? मंग मी म्हणते. पाऊल सुरेख आहे हो तुमचं वकीलसाहेब. माणूस फताडा आहे."

पहिल्यांदा कोण हसलं सांगू? वसंत वकील! त्याचाच दोस्त. आन् मंग दाराआडून कुंदा. हसता हसताच ती आतून म्हणाली, "बाबा, मी काही बाहेर येत नाही." वामनरावांनी एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा ओसरीवरल्या दोन ठशांकडं. मोठ्या खानदानाचा माणूस, पाहुण्याले वाईट बोलणार नाही. म्हणाले, "चहा घ्या साहेब, आन् उजेड आहे तवर निघा. वाट खराब आहे."

वसंत वकिलाच्या पोटात गोठ राहिली नाही. आठ दिवसांत कोर्टात पोहेवकील हे नाव मागं पडलं आन् नवं लागलं. कोणतं, ते सांगायले नको. त्यानं चकत्या काढून घेतल्या, दुसऱ्या गॅरेजात. पण लागलेलं नाव काढायची चकती कोणत्याच मिस्त्र्याकडं नसते. कुंदा पुढच्या वर्षी मॅट्रिक झाली. ताईनं लगन केलं नाही. आता कोणी इचारलं तर ती म्हणे, "पाहायचं तर मी पाहीन."

पण त्या दिवसाचं राहिलंच. चहा न घेता हेमचंद्र निघाला. तवरोक वावरांतून निघालेल्या चार-पाच बंड्या पांधणीतून गावात आल्या होत्या आन् ताईचे सारे ठसे मोडले होते. तो गावाच्या टोकाशी उभा राहून मागं पाहून राहिला होता. "बाई," म्हणून एकदा हाकही मारली. ताई ओसरीच्या पायरीवर पाय सोडून बसली होती, उघडे, साऱ्यांसमोर, उन्हात. तिनं मान वळवली नाही.

मले आठवण झाली. "ताई," म्हटलं, "तुहे जोडे धुऱ्यावरच राहिले. आणू काय?"

"राहू दे," ती म्हणे. "त्याले लागतील वापस जाताना. उलीसे ढिले होतील."